मॅडम, शिट्टी अजूनही खिशातच असते

आदरणीय मॅडम,

हे पत्र मुद्दाम चारचौघांसमोर लिहितेय. एकटीला पाठवलं असतं तर "बरं बरं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता.

विद्यापीठातून तुमच्या प्रशिक्षण वर्गाला आलेले आम्ही सगळे बऱ्यापैकी खेळणारे. खेळता येतं म्हणजे शिकवताही येतं, अशी आमची खात्री. तुम्ही पहिल्या सत्रात बॉल दिलाच नाही, वही दिलीत. मैदानावर लहान मुलांचा बास्केटबॉलचा सराव चालू होता. प्रत्येकानं एकच मूल निवडायचं आणि बॉल त्याच्या हाताला किती वेळा लागतो ते लिहायचं. माझ्या वाट्याची मुलगी रांगेत उभी राहून बुटाची नाडी सोडत होती, बांधत होती, पुन्हा सोडत होती. नंबर आला की एक ड्रिबल, एक शॉट आणि परत रांगेच्या शेपटाला. "हिचा आज खेळ किती झाला?" एवढंच विचारलंत. दुसऱ्या दिवसापासून रांगा मोडल्या. जमेल तिथे प्रत्येकाला बॉल, नाहीतर तिघांत एक.

मिनी बास्केटबॉलला, म्हणजे लहान मुलांच्या बास्केटबॉलला, 5 नंबरचा बॉल आणि 2.60 मीटरवर रिंग, हे आम्ही वाचलेलं होतं. का, ते तुम्ही दाखवलंत. मोठ्यांचा 7 नंबरचा बॉल 3.05 मीटरवर पोचवायचा तर पोरगं तो कमरेपासून भिरकावणारच, आणि आपण "कोपर आत, कोपर आत" म्हणून घसा कोरडा करतो. रिंग खाली आली, बॉल लहान झाला, की निम्मी कोपरं आपोआप आत जातात. ले-अपही (पळत येऊन रिंगजवळून बॉल टाकणं) तुम्ही शेवटाकडून शिकवलात: आधी रिंगजवळून एका पायावर उडी, मग एक पाऊल मागून, मग दोन. ड्रिबल सगळ्यात शेवटी.

अ‍ॅथलेटिक्सला तर भांडणच झालं. आमच्यातल्या एकाला सगळ्यात वेगवान पोराला लगेच स्प्रिंटर करायचं होतं. "दहाव्या वर्षी त्याचं शंभर मीटरवाला म्हणून बारसं करू नका," तुम्ही म्हणालात. पळणं, उड्या, फेक, सगळं सगळ्यांना. झपाट्यानं उंची वाढताना मुलांची धाव काही काळ बिघडते, टाच किंवा गुडघ्याखाली दुखतं. तेव्हा उड्या कमी करायच्या, कामचुकार म्हणायचं नाही. आणि शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावायच्या नाहीत. (हे काही मोठ्या प्रशिक्षकांनाही सांगायला हवं, पण ते जाऊ दे.)

अमेरिकेतले नावाजलेले बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वूडन यांचं उदाहरण मी आता सगळ्यांना सांगते. 1974-75च्या हंगामात थार्प आणि गॅलिमोर या मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे सराव बसून नोंदवले. 2,326 नोंदींत कौतुक 7 टक्क्यांच्या आत. बहुतेक बोलणं म्हणजे काय करायचं आणि कसं, याच्या छोट्या सूचना. तुम्ही आमचं बोलणं असंच नोंदवून कागद हातात दिलात. माझ्या कागदावर "शाब्बास" आणि "अरे" यांच्याच रेघा जास्त होत्या. शिट्टी खिशात गेली ती तेव्हापासून.

आता माझ्याकडेही विद्यार्थी शिकायला येतात. पहिल्या दिवशी त्यांना वही देते, आणि त्यांची तोंडं आमच्यासारखीच पडतात. 4x100 रिलेत बॅटन 30 मीटरच्या टप्प्यातच बदलायचा हे त्यांना पाठ आहे, पण मुलांना मागे न बघता हात द्यायला कसं शिकवायचं, ते तुमच्याकडूनच बघायचंय म्हणतात. तुम्ही येते म्हणाला होतात. सकाळचीच वेळ ठेवू ना?

तुमची विद्यार्थिनी