एका मिथाइल गटाचे आभार

माननीय डॉ. युर्ग झिमरमन यांस,
सप्रेम नमस्कार.

इमॅटिनिब या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाचं नाव निघालं की ते पुढे नेणाऱ्या ब्रायन ड्रुकर आणि निकोलस लायडन यांची आठवण होते, आणि ते रास्तच आहे. हे पत्र मात्र काइनेज इन्हिबिटर, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट लावणारी काइनेज विकरं अडवणारे रेणू, घडवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांकडून आहे. सिबा-गायगीच्या बाझेलमधल्या प्रयोगशाळेत आपण जे केलं, त्यातल्या एका मिथाइल गटाचं (एक कार्बन, तीन हायड्रोजन) ऋण आम्ही रोज मानतो.

सुरुवात २-फेनिलअमिनोपिरिमिडिनपासून झाली. प्रोटीन काइनेज सी, म्हणजे पीकेसी, अडवणारा साधासा रेणू. पिरिमिडिनवर ३-पिरिडिल आल्यावर पेशींमधला परिणाम सुधारला. फेनिलवर बेंझअमाइड बसवल्यावर टायरोसिन काइनेजही अडू लागले. पीकेसी मात्र सुटेना. माणसात पाचशेहून जास्त काइनेज आहेत आणि एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) बसण्याचा खिसा सगळ्यांत बराचसा सारखा. एकाला पकडायला जावं तर शेजारपाजारचे चार हाताला लागतात. अशा वेळी कुणाचाही हात आणखी एखादा हायड्रोजन बंध जोडण्याकडे जातो. आपण फेनिल कड्यावर, अमिनो दुव्याच्या अगदी शेजारच्या जागी, एक मिथाइल ठेवलात. त्या मिथाइलने कड्यांना एका पातळीत येऊ दिलं नाही आणि रेणू वळलेल्या आकारात अडकून राहिला. पीकेसीला तो आकार मानवला नाही, एबीएलला, म्हणजे या कर्करोगामागच्या काइनेजला, मानवला. वजनात भर अवघी १४ डाल्टनची!

दुसरे आभार एका सीएच-टूचे. विद्राव्यता वाढावी आणि औषध तोंडावाटे देता यावं म्हणून एन-मिथाइलपिपराझिन हवं होतं. पण ते थेट फेनिलला जोडलं की अ‍ॅनिलिनसारखा तुकडा तयार होतो आणि त्यातून डीएनएला इजा होण्याची शंका उरते. मधे एक कार्बन घातला की ती शंका मिटते. असे धोके पुढे विषाक्तता चाचणीत सापडले तर अख्खी मालिका टाकून द्यावी लागते, म्हणून ते कागदावरच ओळखणं स्वस्त. (उत्पादनात हीच काळजी वेगळ्या रूपात परत येते: शेवटच्या अमाइड जोडणीत न संपलेला अ‍ॅरोमॅटिक अमाइन गोळीत राहता कामा नये, आणि त्याची मोजणी अगदी सूक्ष्म पातळीवर करावी लागते.)

२००० साली जॉन कुरियन यांच्या गटाने स्फटिकरचना दाखवली तेव्हा कळलं की हा रेणू एबीएलच्या निष्क्रिय, डीएफजी (काइनेजमधली तीन अमिनो आम्लांची ओळ) उलटलेल्या रूपाला धरतो. हायड्रोजन बंध असे (आकडे प्रथिनातल्या अमिनो आम्लांचे क्रमांक): पिरिडिनचा नायट्रोजन मेथिओनिन ३१८शी, अमिनो दुवा थ्रिओनिन ३१५शी, अमाइड ग्लुटामेट २८६ आणि अ‍ॅस्पार्टेट ३८१शी. यातून चाचणीचा एक धडा मिळतो, जो नवखे हमखास विसरतात. फॉस्फेट लागलेला, सक्रिय एबीएल घेऊन मोजलंत तर इमॅटिनिब भलताच कमकुवत दिसतो. चांगला रेणू विनाकारण बाद होतो. एटीपीचंही तसंच. पेशीत ते मिलिमोलर प्रमाणात असतं, पण चाचणी बहुधा काही मायक्रोमोलरवर होते. त्यामुळे एटीपीशी स्पर्धा करणाऱ्या रेणूचे नळीतले नॅनोमोलर आकडे पेशीत पोचेपर्यंत घसरतात. म्हणून दोन्ही एटीपी पातळ्यांवर आणि दोन्ही रूपांवर मोजावं. मेहनत दुप्पट, पण फसवणूक टळते.

मे २००१मध्ये अमेरिकेत क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा घेणाऱ्या, इंटरफेरॉन हे आधीचं औषध निरुपयोगी ठरलेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांचे रक्तघटक पूर्ववत झाले होते. मग औषधाला प्रतिकारही आला. थ्रिओनिन ३१५च्या जागी आयसोल्युसिन आलं की तो हायड्रोजन बंध जातो आणि वर जागाही अडते. डॅसाटिनिब आणि निलोटिनिब ही नंतरची औषधंही तिथे अडखळतात. २०१२मध्ये मान्यता मिळालेल्या पोनाटिनिबमध्ये त्या जागी सडपातळ तिहेरी बंध घातला आहे, आयसोल्युसिनला चुकवून जाणारा. त्याच्या मधल्या कड्यावर नीट पाहिलं तर एक मिथाइल तिथेही आहे, आणि पलीकडे सीएच-टूला लटकलेलं पिपराझिनही.

आपले,
काइनेजवर काम करणारे काही औषधरसायनशास्त्रज्ञ