मूठभर मायक्रोग्रीन्स, पण नेमकी कोणती?

महोदय,

‘पालेभाजीपेक्षा ४० पट पौष्टिक’ अशी जाहिरात करून मायक्रोग्रीन्सच्या, म्हणजे पहिली पाने फुटताच कापलेल्या कोवळ्या रोपांच्या, इवल्याशा डब्या सध्या महागात विकल्या जातात. २०१२मध्ये अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठ आणि तिथल्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २५ प्रकारची कोवळी रोपे तपासली होती. त्यांतल्या काहींत काही जीवनसत्त्वे वाढलेल्या पानांच्या कित्येक पट निघाली. ४० पट हे त्यांतल्या काहींपुरते. ते सगळ्यांना लावणे चूक आहे. लाल कोबीच्या रोपांत १०० ग्रॅममागे १४७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व सापडले, तर काही प्रकारांत जेमतेम २०. कोथिंबीर कॅरोटिनॉइड्समध्ये (भाज्यांतली पिवळी-केशरी रंगद्रव्ये) सरस, मुळा ई जीवनसत्त्वात, लाल राजगिरा के जीवनसत्त्वात.

तरीही फायदा खरा आहे. लाल कोबीची २५ ग्रॅम रोपे, म्हणजे मोठी मूठभर, प्रौढाची क जीवनसत्त्वाची रोजची निम्मी गरज जवळपास भागवतात. मात्र ती कच्चीच खावीत किंवा गॅस बंद केल्यावर वरून घालावीत, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने जाते. कॅरोटिनॉइड्स, ई आणि के अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो; त्यासाठी कोशिंबिरीत दाण्याचे कूट किंवा चमचाभर तेल पुरे. प्रथिने आणि चोथ्यासाठी उसळ व वाटीभर पालेभाजी हवीच.

हे विकत घ्यायची गरजही नाही. मुंबईकर बोटभर उंचीची समुद्रमेथी (कोवळी मेथी) वर्षानुवर्षे खातातच. अर्धा किलो मिठाईच्या प्लॅस्टिकच्या डब्याला तळाशी सात-आठ भोके पाडावीत, दीड इंच भिजवलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरावा. मोहरी असेल तर एक चहाचा चमचा, मेथी रात्रभर भिजवून दोन चमचे, एकावर एक न येता पसरावी. धणे रगडून दोन फाके करावेत, नाहीतर उगवण रेंगाळते. डबा दोन-तीन दिवस झाकावा, मग उजेडात ठेवावा. मोहरी, मेथी आठ-दहा दिवसांत तयार होते. कोथिंबिरीला दोन-तीन आठवडे लागतात. कोकोपीटच्या वर कात्रीने कापून, धुऊन लगेच खावी.

पावसाळ्यात रोपे बुडापासून कुजून आडवी पडतात. कारण बी दाट पडलेले असते, वरून पाणी मारलेले असते आणि हवा खेळत नाही. डबा पाण्याच्या ताटलीत दहा मिनिटे ठेवून खालून पाणी द्यावे, उरलेले ओतून टाकावे. मुळ्याच्या मुळांवरची पांढरी लव बुरशी समजून अनेक जण अख्खा डबा फेकतात. पाणी फवारल्यावर ती दिसेनाशी झाली तर ती केशमुळे आहेत. जाळ्यासारखी पसरली, कुबट वास आला, तर मात्र टाकून द्यावे.

सर्वांत कळकळीचे सांगणे बियाण्याबद्दल आहे. कृषी सेवा केंद्रातले गुलाबी, निळे बियाणे बुरशीनाशक चोळलेले असते. त्याची रोपे खाऊ नयेत. स्वयंपाकघरातली मोहरी, मेथी, धणे चालतात. टोमॅटो, वांगे, मिरची यांची रोपे विषारी असतात. कोवळ्या ज्वारीने जनावरांना विषबाधा होते हे शेतकरी जाणतात. ज्वारीचे कोंब माणसांनीही खाऊ नयेत. रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिन घेणाऱ्यांनी ही रोपे एकाएकी रोज सुरू करू नयेत, आधी डॉक्टरांना विचारावे. के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम कमी होतो.

– आहार व परसबाग विषयांचे अभ्यासक, पुणे