पितळी नळीची ब्लंडरबस घेण्याआधी

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या बाथच्या लिलावात तू घेऊ पाहतोयस त्या ब्लंडरबसचे, म्हणजे पसरट तोंडाच्या जुन्या आखूड बंदुकीचे, फोटो पाहिले. किंमत राहू दे, आधी ती भरलेली नाही ना ते बघ. जुन्या बंदुकांत बार (भरलेली दारू-गोळी) तसाच राहिलेला सापडतो, आणि काळी दारू कोरडी असली तर दोनशे वर्षांनीही पेटते. लाकडी काठी नळीच्या तळापर्यंत घाल, तोंडाशी खूण कर आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून बघ. टोक नळीच्या मागच्या रंजकाच्या छिद्रापाशी (पेटवणीच्या दारूची आग आत जाते तिथे) पोचलं तर नळी रिकामी. दोन बोटं अलीकडे थांबलं तर हात लावू नकोस, जाणत्या बंदूक-कारागिराकडे दे.

पसरट तोंडामुळे छर्रे पसरतात ही समजूत सोडून दे. ते तोंड हलत्या गाडीत किंवा जहाजावर भरणं सोपं जावं म्हणून, आणि समोरच्याला धाक बसावा म्हणूनही. खिळे-दगड भरायच्या गोष्टी ऐकतो, पण त्यांनी नळीच खरवडली असती. शिशाचे छर्रेच असायचे.

१७८४ साली ब्रिस्टल-लंडन टपालगाडी सुरू झाली आणि तिच्या पहारेकऱ्यांकडे ब्लंडरबस आली. म्हणून 'टपालगाडीची' म्हटलं की भाव चढतो, आणि तो मजकूर मागाहून कोरणारेही असतात. भिंग लाव: आजूबाजूचं पितळ काळवंडलेलं आणि अक्षरांच्या खाचा उजळ, तर कोरीवकाम नवं. विक्रेता १७९०ची म्हणत असेल आणि नळीवर मुकुटाखाली दोन राजदंड व बी-पी-सी अक्षरं असतील, तर हिशेब चुकतो. ती खूण नळ्या तपासून शिक्का मारणाऱ्या बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाची, आणि ते १८१३चं. नळीवरची झडपेची (स्प्रिंगने उघडणारी) संगीन मात्र खुशाल असू दे, जॉन वॉटर्सचं पेटंट १७८१चं आहे.

खरी गोम कळीत, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेत, असते. एकोणिसाव्या शतकात चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) कित्येक बंदुका टोपीवर (घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या स्फोटक टोपीवर) बदलल्या गेल्या, आणि चकमकीला जास्त पैसे मिळतात म्हणून पुढे पुन्हा उलट्या फिरवल्या गेल्या. कळीच्या पट्टीवरची बुजवलेली स्क्रूची भोकं, रंजकाच्या पात्राचा वेगळा रंग, पट्टी आणि लाकूड यांच्यातली फट, यांवरून ते ओळखू येतं. गारगोटी बसवलेली नसताना घोडा पाडून बघू नकोस, मोडेल.

घेतलीस तर पितळ चकाकवू नकोस. जुना रंग गेला की भावही जातो, आणि अमोनियाच्या पॉलिशने ताण असलेल्या पितळाला तडे जातात. लोखंडी भाग तेल लावून अगदी बारीक स्टील वूलने हलके पुसायचे, मग मेणाचा पातळ हात.

कळ काढून तिच्या आतल्या बाजूचा फोटो लिलाववाल्यांकडून मागव. तो येईपर्यंत बोली लावू नकोस.

तुझा,
श्रीधर