पोर्टिंगचा कोड ४ दिवसच का? म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मी पुण्यात नोकरीला, आईबाबा राजापूर तालुक्यात गावी असतात. बाबांचा मोबाईल नंबर १५ वर्षांपासून एकच आहे आणि तो आमच्या आंब्याच्या प्रत्येक पेटीवर छापलेला असतो, मार्च लागला की मुंबई-पुण्याची जुनी गिऱ्हाइकं त्याच नंबरवर फोन करतात. आता प्रॉब्लेम असा की त्या कंपनीची रेंज आमच्या घरात येतच नाही, पडवीच्या एका कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं तर मिळते आणि पावसात तीपण जाते. शेजाऱ्यांकडे दुसऱ्या कंपनीची रेंज फुल. म्हणून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, म्हणजे पोर्टिंग करायचं ठरवलं.

२०११ पासून देशभर ही सोय आहे, १९०० वर पोर्ट लिहून स्पेस देऊन आपला नंबर टाकून मेसेज करायचा की ८ अक्षरांचा कोड येतो, तो नवीन कंपनीच्या दुकानात द्यायचा. बाबांचा छोटा रिचार्ज, त्यात मेसेज नाहीत म्हणून गावातले म्हणाले जाणारच नाही, पण कुठलाही रिचार्ज असला तरी १९०० वर मेसेज जायलाच पाहिजे असा ट्रायचा (मोबाईल कंपन्यांसाठी नियम करणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२१ चा आदेश आहे, आणि गेला. कोड लगेच आला.

खरा त्रास पुढे झाला. बाबा एसटीने राजापूरला गेले, दुकानात मशीनवर अंगठा लावला तर मॅच होईना. आयुष्यभर कोयता आणि कुदळ धरलेला हात आहे हो, अंगठ्यावरच्या रेषाच झिजून गेल्यात. दुकानातल्या पोराने अंगठा पुसायला लावला, तेल लावायला लावलं, दहाही बोटं लावून झाली आणि शेवटी म्हणाला उद्या या. उद्या गेले तर सर्व्हर डाऊन, मग रविवार आला, आणि सोमवारी गेले तेव्हा कोडची मुदत संपलेली. ४ दिवसच असते ना ती. तीन फेऱ्या वाया गेल्या, आणि वरून दुकानदार म्हणतो काका नवीन नंबर घ्या, लगेच चालू करून देतो. नवीन नंबर घेऊन छापलेल्या पेट्यांचं काय करायचं? बँक, गॅस, आधार सगळं त्याच नंबरला जोडलंय ते वेगळंच.

शेवटी मी रजा टाकून गेलो, परत कोड मागवला, आणि अंगठ्याचा हट्ट सोडून फोटो काढून डिजिटल फॉर्म भरता येतो हे त्या पोराला मीच सांगितलं. तेव्हा काम झालं. तीन दिवसांनी रात्री जुनं सिम बंद पडलं आणि सकाळी नवीन चालू. म्हणजे पद्धत चांगलीच आहे, माझी तक्रार त्या ४ दिवसांबद्दल आहे. डिसेंबर २०१९ च्या आधी हाच कोड १५ दिवस चालायचा. आजही जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत ३० दिवस चालतो, तिथल्या लोकांना गरज आहे ते बरोबरच आहे, पण आमच्याकडे वाडीतून तालुक्याला दिवसात दोन एसट्या, त्यातली एक चुकली की दिवस गेला, मग इथल्या म्हाताऱ्या माणसांनी ४ दिवसांत कसं करायचं?

ट्रायने निदान साठीच्या पुढच्या लोकांना तरी पूर्वीसारखे १५ दिवस द्यावेत. आणि अंगठा जुळला नाही तर फोटोवर काम होतं, हे दुकानाच्या दारावर मराठीत मोठ्या अक्षरात लावायला कंपन्यांना सांगावं. आपल्या पेपरने हे लावून धरावं ही मनापासून विनंती. अजून एक, कोड फक्त दुकानात समोर बसून द्या, फोनवर कोणी मागितला तर अजिबात सांगू नका, तुमचा नंबर दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो.

आपला,
एक वाचक, पुणे