चाळीस माणसं

सोलापूर
१७ जानेवारी

प्रिय बंडू,

दिवाळीत आलेलं तुझं पत्र अजून उशाशीच आहे. काय शिव्या द्यायच्यात त्या देऊन घे. गुडघा तसाच, साखर बरी.

मनूचं लग्न ठरलं बे. रजिस्टर! १९५४ सालचा कायदा, म्हणजे आपल्या दोघांच्याही आधीचा, पण आमच्या वहिनी असं बोलतात की जणू मनूनंच तो परवा काढला. नोटीस दिली, आता ३० दिवस थांबायचं, ३ साक्षीदार, सह्या, संपलं. संध्याकाळी गच्चीवर चाळीस माणसं आणि शेंगाची पोळी. चाळीस! आमच्या गल्लीत दहाव्याला याहून जास्त जमतात.

मी कपाटातून आहेराची वही काढली. ३१ वर्षांची. कुणाला ५१ रुपये, कुणाला चादर, कुणाला स्टीलचं पातेलं. त्या सगळ्या मांडवांत मी जेवलोय, आता त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? कार्टी म्हणते, "बाबा, आहेर दिला होता की भिशी लावली होती?"

भोगीला तिला घेऊन संमती कट्ट्याला गेलो, सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता टाकायला. सातही नंदीध्वज आले, 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' झालं, अक्षता उडाल्या. मनू कानात ओरडली, "बघा, अख्खं सोलापूर लग्नाला आलंय आणि पंगत एक नाही!" गाडीवर घरी येईपर्यंत तिच्या केसांत दाणे होते.

त्या रात्री मला तात्या आठवले. अक्काच्या लग्नाला दोन माग गेले. मांडव उतरल्यावर आपण दोघं शेडमध्ये बसलो होतो, आणि माग होते तिथं फरशीवर तेलाचे काळे डाग. तू बोटानं ते खरवडत होतास. म्हणालास, मी लग्नच करणार नाही. मग केलंस, तेही घोड्यावरून! बँडचे ३०० मी भरले, ते तू अजून दिले नाहीस. दिलेस म्हणतोस, पण नाही दिलेस.

आता जे हिलाही बोललो नाही ते सांगतो. कारखाना बंद करून वर्ष झालं. चौघांत मी मनूवर चिडल्यासारखं करतो, पण ती 'चाळीस' म्हणाली तेव्हा आधी माझ्या जिवात जीव आला. लाज वाटली ती त्याची. तिनं माझ्याकडं बघून तर आकडा काढला नाही ना, हे विचारायचं धाडस होत नाही. विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि मला ते खरं वाटणार नाही.

वहिनींच्या डोळ्याचं झालं ना? ओंकारच्या नोकरीचं कळलं, छान.

साक्षीदार एक मुलाकडचा, एक मनूचा मामा, तिसरा तू. तारीख कळवतो. कल्याणहून रात्री सिद्धेश्वर पकड, सकाळी पोचतोस. आधार कार्ड विसरू नकोस.

तुझा,
अण्णा