वडगावच्या पॉवरलूमवरून फिजिओ मॅडमना

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

बाबा पुन्हा पूर्ण पाळी मागावर उभे राहू लागलेत. हे तुम्हाला फोनवरही कळवता आलं असतं. पण आमच्या बेळगावातल्या वडगाव-शहापुरात दुखरी टाच घेऊन मागावर उभे राहणारे कितीतरी जण आहेत, त्यांनीही वाचावं म्हणून उघड पत्र लिहिते आहे.

तुमच्याकडे आलो ते घाबरूनच. 'टाचेचं हाड वाढलंय, उभ्याचं काम सोडा,' असं आधी एका ठिकाणी एक्स-रे बघून सांगितलं होतं. सगळं आयुष्य साड्या विणण्यात गेलेल्या माणसानं काम सोडून करायचं काय? तुम्ही एक्स-रे नीट पाहिलात आणि म्हणालात, असं वाढलेलं हाड काहीही न दुखणाऱ्यांच्या टाचेतही सापडतं. त्या एका वाक्यानं बाबा सावरले.

मग तुम्ही विचारलंत, जास्त कधी दुखतं? "सकाळी. अंथरुणातनं उठून पयलं पाऊल टाकलं की खिळा ठोकल्यागत होतंय. जरा चाललं की कमी." तुम्ही टाचेच्या तळाशी आतल्या कडेला दाबलंत, तसे बाबा कळवळले. पायाचा अंगठा वर ओढून टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याचा पट्टा ताणून पाहिलात. हाडाला बारीक तडा नाही ना, म्हणून टाच दोन्ही बाजूंनी दाबलीत; नस दबली नाही ना, म्हणून आतल्या घोट्यामागे बोटानं टकटक केलंत. साखर आहे का, मुंग्या येतात का, तेही विचारलंत. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला लावलात, तेव्हा घोटा किती आखडलाय ते मलाही दिसलं. एका पायावर उभं राहून टाच उचलणं तर दुखऱ्या पायाला जमेचना. इतक्या बारकाईनं बाबांचा पाय त्याआधी कुणी तपासलाच नव्हता.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही मागाचा व्हिडिओ मागितलात. दोन मागांच्या मधल्या बोळात, कडक फरशीवर, अनवाणी दिवसभर येरझाऱ्या. काम सोडायला न सांगता तुम्ही तिथं रबरी मॅट घालायला लावलीत आणि जाड, मऊ तळाची चप्पल घालायला सांगितलीत.

व्यायाम मोजकेच दिलेत. सकाळी पाय जमिनीला टेकवण्याआधी बोटं मागे ओढून १० सेकंद धरायची, असं १० वेळा. पोटरीचा ताण. आणि दिवसाआड पायरीवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाच उचलणं: ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबून, ३ सेकंदांत खाली. काही महिने लागतील, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंत, म्हणून मधे दुखणं पुन्हा वाढलं तरी बाबांचा धीर सुटला नाही. फोन केला की तुम्ही व्यायामाचा भार कमी करायला सांगायचात, व्यायाम बंद करायला नाही. तुमच्या घरी कन्नड, पण बाबांशी बोलणं सगळं मराठीत. ते मोकळे होत गेले त्यामुळेच.

परवा ते शेजारच्या काकांना टॉवेलची गुंडाळी करून दाखवत होते. पण काकांना मधुमेह आहे, तळवे बधिर होतात, म्हणजे कारण वेगळंही असू शकेल. म्हणून त्यांना तुमच्याकडेच पाठवते आहे. सोमवारी संध्याकाळी येतील. साखरेचे रिपोर्ट सोबत न्यायला सांगितलेत.

आपली कृतज्ञ,
वडगावच्या एका विणकराची मुलगी