भत्ता आणि साठ मतांची अट

महोदय,

अमेरिकेत नेहमीचा काळ संपल्यावरही मिळणाऱ्या वाढीव बेरोजगार भत्त्याची मुदत जून २०१०च्या सुरुवातीला संपली आणि ती वाढवणारा कायदा व्हायला २२ जुलै उजाडला, यामागे मतभेदांइतकीच सिनेटची, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, कार्यपद्धतीही होती. तिथे विधेयकावरील चर्चा थांबवून ते पुढे नेण्यासाठी १००पैकी ६० मते लागतात. २० जुलैला नेमकी साठच पडली, तीही वेस्ट व्हर्जिनियाचे नवे सिनेटर कार्ट गुडविन यांनी त्याच दिवशी शपथ घेतल्यामुळे. त्यानंतरही नियमानुसार ३० तासांपर्यंत चर्चा चालू शकते. खर्चाची तरतूद कुठून करणार, हा विरोधकांचा प्रश्न रास्तच होता. पण घरभाडे थकलेल्या माणसाच्या हातात तोवर काहीच पडत नव्हते. थकबाकी नंतर मिळाली, हे खरे. तरीही मुदत संपण्यापूर्वी मतदान बंधनकारक असायला हवे.

– एक वाचक